ऐकिदो : आरंभ पडण्यापासून

१. पहिला प्रश्न

ऐकिदोचा विषय निघाला की समोरच्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "उद्या रस्त्यात कोणी अंगावर धावून आला, तर या विद्येचा खरोखर काही उपयोग होईल का?" प्रश्न रास्त आहे. ज्याचा दिवस कचेरीतल्या खुर्चीत जातो, ज्याच्या अंगी पहिलवानाचे बळ नाही, आणि ज्याचे वा जिचे वय चाळिशीकडे झुकले आहे, अशा माणसाने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एखाद्या विद्येपायी घालवण्यापूर्वी तिचा जमाखर्च मांडून पाहावा, हे योग्यच होय. वाचकाला अखेरच्या पानापर्यंत तिष्ठत ठेवणे मला पसंत नाही, म्हणून उत्तर आरंभीच देतो. उपयोग निश्चित होतो; मात्र तो ज्या क्रमाने होईल अशी आपली कल्पना असते, त्याच्या बरोबर उलट क्रमाने होतो. आपल्याला वाटते की प्रथम पेच शिकू, मग हल्लेखोराला लोळवू, आणि त्या जोरावर मनातली भीती जाईल. प्रत्यक्षात शिष्य आधी पडायला शिकतो, नंतर उभे राहायला, त्यानंतर दुसऱ्यापासून योग्य अंतरावर राहायला. आणि पेच, ज्यांच्या ओढीने तो तेथे आलेला असतो, ते वर्षानुवर्षांच्या सरावानंतर सावकाश त्याच्या अंगवळणी पडतात. हा उलटा क्रम ज्याला मान्य झाला त्याला ही विद्या फळते, असे माझे मत आहे. आणि तो मान्य का करावा, हे समजावून सांगणे हाच या प्रकरणाचा हेतू आहे.

२. नाव आणि नावामागचा पुरुष

'ऐकिदो', किंवा आपल्याकडे पुष्कळदा लिहितात त्याप्रमाणे 'आयकिडो', हा शब्द तीन अक्षरचिन्हांनी बनतो. 'ऐ' म्हणजे जुळणे, मेळ बसणे. 'की' म्हणजे श्वास, चैतन्य, देहातून वाहणारी शक्ती. आपल्या 'प्राण' या शब्दाच्या ही कल्पना पुष्कळ जवळ येते. 'दो' म्हणजे मार्ग. ज्यूदो, केंदो या शब्दांतला 'दो' तोच. जपानात पूर्वी अशा विद्यांच्या नावापुढे 'जुत्सु', म्हणजे कौशल्य, असा शब्द लावीत. त्या जागी 'दो' आला तेव्हा केवळ प्रत्यय बदलला नाही, उद्दिष्टही बदलले. कौशल्य हस्तगत झाले की संपते. मार्गाने मात्र चालतच राहावे लागते.

हा मार्ग आखणारे मोरिहेई उएशिबा १४ डिसेंबर १८८३ रोजी जपानच्या वाकायामा प्रांतातील तानाबे या समुद्रकाठच्या गावी जन्मले. त्यांची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच होती, आणि बालपणी प्रकृतीही नाजूक होती. पुढे ज्यांच्या अंगावर धावून गेलेले धिप्पाड मल्ल चटईवर आडवे झाले, त्या पुरुषाच्या चरित्राचा आरंभ अशा दुबळेपणापासून व्हावा, हे सामान्य वाचकाला धीर देणारे आहे. रशिया-जपान युद्धात त्यांनी सैनिक म्हणून चाकरी केली; १९१२ साली होक्काइदो या उत्तरेकडील थंड बेटावर वसाहत करण्यासाठी निघालेल्या कुटुंबांचे नेतृत्व त्यांनी पत्करले; आणि तेथेच १९१५ मध्ये त्यांची गाठ ताकेदा सोकाकु या कठोर, कीर्तिमान आचार्यांशी पडली. 'दाइतो-र्यू' नावाच्या ज्या जुन्या युद्धविद्येचे ताकेदा हे जाणकार होते, तिच्यातील मनगट व कोपर आवळण्याचे पेच हाच ऐकिदोचा मूळ कच्चा माल होय.

परंतु त्या कच्च्या मालाचे जे रूपांतर झाले त्याचे कारण वेगळे आहे. १९१९ च्या अखेरीस वडिलांच्या दुखण्याची खबर येताच उएशिबांनी होक्काइदो सोडले; वाटेत आयाबे या गावी ते ओमोतो नामक नव्या धर्मपंथाचे पुढारी देगुची ओनिसाबुरो यांना भेटले; आणि त्या भेटीचा ठसा असा खोल उमटला की वडिलांच्या मृत्यूनंतर ते सहकुटुंब आयाबेसच जाऊन राहिले. तेथे १९२५ साली एक प्रसंग घडला. नौदलाचा एक अधिकारी लाकडी तलवार घेऊन त्यांच्यावर चालून आला. उएशिबा निःशस्त्र होते. त्यांनी एकही प्रहार केला नाही. प्रत्येक वार येण्यापूर्वीच ते त्याच्या वाटेतून बाजूला होत गेले, आणि अखेर तो अधिकारी थकून थांबला. त्यानंतर बागेतील विहिरीवर अंग धूत असता आपल्याभोवती सोनेरी प्रकाश पसरल्याचा आणि सर्व सृष्टीशी आपण एकरूप झाल्याचा अनुभव आला, असे ते पुढे सांगत. त्या अनुभवाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट अशी की त्या दिवसापासून या पुरुषाच्या लेखी शत्रूला न मारता लढाई संपवणे, हेच युद्धविद्येचे प्रयोजन ठरले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९२७ मध्ये उएशिबा टोकियोत आले. १९३० मध्ये ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी त्यांची विद्या पाहिली आणि आपले काही शिष्य तिच्या अभ्यासासाठी धाडले. (याच कानोंचे एक शिष्य ताकागाकी यांना रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये ज्यूदो शिकवण्यासाठी शांतिनिकेतनात आणले होते.) १९३१ साली टोकियोत उएशिबांची कायमची शाळा उभी राहिली, १९४२ साली 'ऐकिदो' हे नाव सरकारी दप्तरी दाखल झाले, आणि महायुद्धानंतर १९४८ मध्ये 'ऐकिकाई' या संस्थेला सरकारमान्यता मिळाली. २६ एप्रिल १९६९ रोजी उएशिबा निवर्तले. त्यांच्या शिष्यांच्या निरनिराळ्या शाखा झाल्या : शिओदा गोझो यांच्या योशिनकान शाखेने कणखर, काटेकोर वळण घेतले व टोकियोच्या दंगलविरोधी पोलिसांनाही शिक्षण दिले, तोमिकी केंजी यांनी स्पर्धा आणल्या, तोहेइ कोइची यांनी 'की'च्या अभ्यासालाच केंद्रस्थान दिले. मुख्य प्रवाहात मात्र आजही स्पर्धा नाहीत, आणि त्याचा भला-बुरा परिणाम काय होतो हे पुढे येईलच.

३. पडणे

वर्गात दोन भूमिका असतात. जो पेच करतो तो 'नागे', म्हणजे फेकणारा. जो हल्ला करतो आणि मग पडतो तो 'उके', म्हणजे स्वीकारणारा. पडण्याच्या विद्येला 'उकेमी' असे नाव आहे. शब्दशः अर्थ, देहाने स्वीकारणे. या नावात मला फार मोठे शहाणपण दिसते. जमीन अंगावर यायचीच आहे. प्रश्न इतकाच की तिचे स्वागत देहाच्या कोणत्या भागाने आणि किती सावकाश करायचे.

हे 'किती सावकाश' म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. हातातून निसटलेला मातीचा घडा फरशीवर पडला की फुटतो. तोच गवताच्या गंजीवर पडला तर शाबूत राहतो. दोन्ही वेळा तो तितक्याच उंचीवरून, तितक्याच वेगाने आलेला असतो. फरक थांबण्याच्या अंतराचा. ढोबळ हिशेब असा मांडता येतो : वस्तू जितक्या उंचीवरून पडली त्या उंचीला, ती थांबताना जितके अंतर गेली त्या अंतराने भागावे, जो आकडा येईल, साधारण तितक्या पट वजनाचा भार तिच्यावर पडतो. १०० सेंटिमीटरवरून आलेला देह १ सेंटिमीटरात थांबला, तर त्याच्यावर आपल्या वजनाच्या सुमारे शंभरपट भार आला. तोच २० सेंटिमीटरात थांबला, तर पाच-सहापट. ताठ हाताच्या तळव्यावर पडणाऱ्याचे मनगट मोडते ते या पहिल्या हिशेबाने. उकेमी म्हणजे देहालाच गवताची गंजी करण्याची युक्ती.

मागे पडण्याचा प्रकार असा. एक पाय मागे घेऊन तो दुमडावा, बूड टाचेच्या शक्य तितके जवळ आणावे, म्हणजे पडण्याची उंचीच निम्मी होते. मग हनुवटी छातीला टेकवून, पाठ झुलत्या खुर्चीच्या वाकलेल्या पायांसारखी गोल करून मागे झुलावे. वर्गात शिकवतात की पडताना नजर आपल्या कमरपट्ट्याच्या गाठीवर ठेवा. त्या गाठीत विशेष काही नाही. पण नजर तिच्यावर असली की मान आपोआप पुढे वाकते आणि डोक्याचा मागचा भाग जमिनीला लागत नाही. पुढे पडण्याचा प्रकार अधिक सुंदर आहे. पुढे केलेल्या हाताची करंगळीकडची कड प्रथम जमिनीला टेकते, मग बाहू, मग खांदा, आणि तेथून तिरकस रेषेत पाठीवरून विरुद्ध बाजूच्या नितंबापर्यंत देह चाकासारखा लोळत जातो व तो फेरा पुरा होता होता माणूस पुन्हा पायावर उभा राहतो. डोके जमिनीला शिवतही नाही.

मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी शिकू लागलो, तेव्हा पहिला दीड महिना मला याखेरीज काही शिकवले गेले नाही, आणि मी मनातून नाराज होतो. दर वेळी खांदा बोथट दगडासारखा आपटे. मग एका संध्याकाळी आमच्या गुरूंनी, जे वयाने माझ्याहून वडील होते, मला काही न बोलता शेजारी उभे केले आणि स्वतः पुढे लोळले. खरोखर काहीच ऐकू आले नाही. चटईवर चादर अंथरताना जितका आवाज होतो तितकाच. "आवाज ऐकत जा," ते म्हणाले. "आपटल्याचा आवाज आला की तिथे कोपरा आहे असे समजायचे. तो घासून गोल करायचा." त्या दिवसापासून मी पडणे कानाने शिकलो. दोन वर्षांनी पावसाळ्यात घराच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला, तेव्हा मी काय केले ते मला आठवत नाही. हातातल्या पिशवीतली भाजी अंगणभर झाली होती आणि मी उठून उभा होतो, इतकेच आठवते. कोपर थोडे खरचटले होते.

आपल्यापैकी बहुतेकांवर आयुष्यात गुंड कधी चालून येणार नाही. न्हाणीघरातली ओली फरशी, उखडलेला फूटपाथ, चालत्या बसची पायरी यांच्याशी मात्र प्रत्येकाची गाठ आहे. स्वसंरक्षणाचा विचार करणाऱ्याने हा हिशेब टाळू नये.

४. उभे राहणे

पडणे कळले की दुसरा कसा पडतो तेही कळू लागते. घरी एक प्रयोग करून पाहा. कोणाला तरी दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून उभे राहायला सांगा आणि बाजूने, दंडावर रेटा द्या. तो सहज टिकेल. आता समोरून, छातीच्या मध्यावर, केवळ दोन बोटांनी सावकाश दाबा. तो मागे पाऊल टाकेल, टाकावेच लागेल. कारण साधे आहे. दोन पावले जोडणारी रेषा कल्पा. त्या रेषेच्या दिशेने माणूस बळकट असतो, जशी शिडी तिच्या दोन पायांच्या दिशेने बळकट असते; आणि तिला काटकोन करणाऱ्या दिशेला तो दुबळा असतो, कारण तिकडे तिसरा पाय नाही. तिवईला तिसरा पाय असतो, म्हणून ती डळमळत नाही. माणूस कसाही उभा राहो, त्याचा तिसरा पाय जेथे असायला हवा होता, ती रिकामी जागा त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना असतेच.

दुसऱ्याला त्या रिकाम्या जागेकडे नेऊन त्याचा तोल ढळवणे, याला जपानीत 'कुझुशी' म्हणतात. ऐकिदोतील सर्व पेच तोल ढळल्यावर करायचे असतात. त्यापूर्वी केलेला पेच म्हणजे नुसती झटापट. स्वतः उभे राहताना एक पाऊल पुढे, दुसरे तिरके मागे, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, आणि सगळा भार बेंबीखाली चार बोटांवर असलेल्या बिंदूत साठवला आहे अशी भावना, ही ऐकिदोची उभी राहण्याची रीत. बाजारात डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या बाईची चाल पाहावी : खांदे निवांत, मान स्थिर, हालचाल कमरेखाली. तिला हे कोणी शिकवलेले नसते. पाटीने शिकवलेले असते.

५. अंतराचा हिशेब

एखादी गोष्ट डोळ्याला दिसल्यापासून हाताने हालचाल सुरू होईपर्यंत निरोगी माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. हा देहाचा कर आहे. तो कोणालाही माफ नाही. आता समजा, हल्लेखोराची मूठ सेकंदाला ६ मीटर वेगाने येते आणि तो तुमच्यापासून हातभर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर आहे. मूठ ०.१ सेकंदात पोहोचेल. तुम्ही हलायला लागण्यापूर्वीच ती लागलेली असेल, मग तुमच्या कमरेला कोणत्याही रंगाचा पट्टा असो. तोच माणूस सहा फुटांवर असेल, तर तुमच्यापर्यंत येण्यासाठी त्याला पुरते पाऊल टाकावे लागेल. पाऊल टाकायला साधारण अर्धा सेकंद जाईल. आणि पाऊल टाकण्यापूर्वी त्याचा खांदा, कंबर, मागची टाच ही सर्व मंडळी आगाऊ वर्दी देतील. हा जो अर्ध्या सेकंदाचा फरक, त्याचेच नाव 'माआइ', योग्य अंतर.

यावरून व्यवहारात पाळण्याजोगा एक नियम निघतो. अनोळखी माणूस चढ्या आवाजात बोलत जवळ येऊ लागला, की पेचाचा विचार करू नये. एक पाऊल मागे व बाजूला घ्यावे, दोन्ही हात उघडे ठेवून छातीपाशी आणावेत, आणि शांतपणे बोलत राहावे. ते उघडे तळवे पाहणाऱ्याला समजुतीचे दिसतात आणि वेळ आलीच तर ते आधीच योग्य जागी असतात. बहुतेक भांडणे या पावलापाशीच मिटतात. पळून जाण्याची वाट असेल तर पळून जावे. त्यात कमीपणा नाही.

६. मनगट धरले तर

ऐकिदोचा पहिला धडा बहुधा हाच असतो : समोरच्याने तुमचे मनगट घट्ट धरले आहे. मूळ संदर्भ तलवारीचा आहे; धरणारा तुम्हाला शस्त्र उपसू देत नाही. आज तो संदर्भ गेला, पण धडा राहिला आहे, कारण धरलेल्या मनगटाइतकी माणसाची परीक्षा पाहणारी दुसरी सोपी गोष्ट नाही. प्रत्येक जण पहिल्यांदा हात मागे ओढतो. तो ओढला की रस्सीखेच सुरू होते, आणि रस्सीखेचीत बलवानच जिंकतो.

गुरू सांगतात, हात आहे तेथेच राहू द्या. तो त्याला हवा आहे ना? त्याच्यापाशी ठेवा. हलायचे आहे ते तुम्ही. पुढच्या पावलावर भार घेऊन, कोपर खाली ठेवून, त्या धरलेल्या मनगटाभोवती आपले सर्व अंग वळवा, आणि त्याच्या शेजारी, तो ज्या दिशेला पाहतो आहे त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. या वळण्याला 'तेन्कान' म्हणतात. जात्याचा खुंटा धरून दळणाऱ्या बाईचा हात मोठे वर्तुळ काढतो, आणि मधली खीळ जागच्या जागी असते. आता तुम्ही खीळ झालात आणि धरणारा माणूस खुंट्याच्या जागी गेला. त्याचा जोर होता तितकाच आहे, पण त्या जोराला आता समोर काही सापडत नाही. तो पुढे झुकतो, त्याचा तिसरा पाय नसलेली बाजू उघडी पडते, आणि येथून पुढे जो हवा तो पेच करता येतो.

उदाहरणादाखल 'कोतेगाएशी', म्हणजे मनगट उलटवणे, पाहा. तुमचा अंगठा त्याच्या हाताच्या पाठीवर, करंगळी व अनामिका यांच्या मुळांमध्ये बसतो. बाकीची बोटे त्याच्या अंगठ्याच्या मांसल उंचवट्याखाली. मग त्याचा हात बाहेरच्या बाजूला, त्याच्या त्याच रिकाम्या जागेकडे वळतो, आणि मनगट, कोपर, खांदा हे तिन्ही सांधे कुलपाच्या खिट्ट्यांसारखे एकामागून एक बसत जातात. ओढाताण केली तर दुखापत होते. अंगासह सावकाश वळले तर माणूस पडतो आणि बिनदुखापतीने उठतो. ज्याला हा फरक हातात जाणवू लागला, त्याला ऐकिदो समजू लागला असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट मला या वळण्यात नेहमी लक्षणीय वाटते. वळून झाल्यावर तुम्हाला त्याच्या बाजूने जग दिसते. त्याची नजर कोठे आहे, त्याच्यामागे कोण आहे, दार कोणीकडे आहे, हे सर्व एका पावलात कळते.

७. मनाचे काय

'की' हा शब्द ऐकून काहींना चमत्कारांची अपेक्षा वाटते, तर काही जण विषयच नामंजूर करतात. दोघांनीही तोहेइ यांनी लोकप्रिय केलेला एक प्रयोग करून पाहावा. हात पुढे लांब करून, मूठ आवळून, तो वाकू न देण्याचा निर्धार करा; दुसऱ्याने मनगट आपल्या खांद्यावर ठेवून तुमच्या कोपरावर खाली दाब द्यावा. बहुधा हात वाकेल. आता मूठ उघडा, बोटे लांब सोडा, आणि खांद्यातून बोटांच्या टोकांवाटे बंबाच्या नळीतून पाणी जावे तसे काही वाहत दूर भिंतीपर्यंत जाते आहे असे मनात आणा. तेवढाच दाब येऊनही हात वाकणे कठीण जाईल. स्पष्टीकरण असे देतात की दंडाच्या पुढचा स्नायू हात वाकवतो व मागचा तो सरळ करतो. निर्धाराने सगळा दंड आवळला की दोन्ही एकदम कामाला लागतात आणि आपलेच अर्धे बळ शत्रूच्या पक्षाला मिळते. पाण्याची कल्पना केली की केवळ मागचा स्नायू राबतो. म्हणजे कल्पनेने नवे बळ दिले नाही, घरातला तंटा मिटवला. याला 'की' म्हणा किंवा स्नायूंची शिस्त म्हणा, अभ्यास एकच.

भीतीचेही असेच आहे. भ्यालेल्या माणसाचा श्वास अडकतो, खांदे कानांकडे चढतात, नजर एका बिंदूवर खिळते आणि पाय जागीच रुतल्यासारखे होतात. ऐकिदोच्या वर्गात एका संध्याकाळी पन्नासदा कोणीतरी धरते, पन्नासदा कोणीतरी प्रहार करीत येते, आणि प्रत्येक वेळी श्वास सोडत, खांदे खाली ठेवत हलायचे असते. तासाच्या आरंभी व शेवटी 'सेइझा'त, म्हणजे जवळजवळ आपल्या वज्रासनातच, बसून पोटाने दीर्घ श्वास घेतात. महिन्यांमागून महिने हे घडल्यावर देहाला सवय लागते, आणि देहाची ती सवय चटईबाहेरही येते. दूरध्वनीवर कोणी रागावून बोलू लागले की माझा डावा खांदा वर चढतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी प्रथम कळले. तोपर्यंत तो किती वर्षे चढत होता कोण जाणे! आता तो चढला की मला कळते. कळला की उतरतो. आणि तो उतरला की माझे उत्तरही निराळे येते.

८. मर्यादा आणि कायदा

आता ज्या गोष्टी अनेक वर्गांत सांगितल्या जात नाहीत त्या सांगणे भाग आहे. ऐकिदोतील हल्ले बहुधा ठरवून दिलेले असतात आणि उके प्रामाणिकपणे सहकार्य करतो. पडण्याची विद्या सुरक्षित राहावी म्हणून हे आवश्यकच आहे. पण स्पर्धा नसल्यामुळे, खरोखर विरोध करणाऱ्या माणसापुढे पेच टिकतो की नाही, याची कसोटी लागत नाही. जमिनीवर पडून चाललेल्या झटापटीचे शिक्षण त्यात फारसे नाही. चाकूचा सराव लाकडी चाकूने होतो, आणि लाकडी चाकू खऱ्या चाकूसारखा वागत नाही. खऱ्या चाकूपुढे पळणे हाच पेच. सहा महिन्यांत कामचलाऊ स्वसंरक्षण हवे असणाऱ्याने ज्यूदो किंवा मुष्टियुद्धाचा वर्ग गाठावा, असे मी निःसंकोच सांगतो. ऐकिदोचे पीक उशिरा येते.

त्याच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट मात्र आपल्या कायद्यातच आहे. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. दोन्हींत अट एकच : बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही. हल्लेखोर जमिनीवर निपचित झाल्यावर मारलेली लाथ हा बचाव ठरत नाही. मग फिर्याद तुमच्यावर होऊ शकते. धरून ठेवणे, वळवणे, पाडणे आणि सोडून देणे, एवढ्यावर थांबण्याची सवय लावणारी विद्या न्यायालयाच्या पायरीवरही माणसाच्या कामी येते.

९. शिकू इच्छिणाऱ्यास

वर्ग निवडताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तेथे सर्वांत नवा शिष्य कसा पडतो आहे, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष आहे का. दुसरी, जुने शिष्य नव्याचे मनगट किती हळुवार धरतात. एका वर्गात नवख्याच्या बोटाचा सांधा एका हौशी ज्येष्ठाने हिसक्यासरशी दुखावलेला मी पाहिला आहे, आणि तेथे कोणीही त्या ज्येष्ठाला थांबवले नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या दिवशी जाऊ नये. वेदना असह्य होण्यापूर्वी चटईवर किंवा स्वतःच्या मांडीवर हाताने दोनदा थाप द्यायची, आणि थाप ऐकताच समोरच्याने सोडायचे, हा संकेत जेथे कसोशीने पाळला जातो तो वर्ग चांगला. मणक्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि गुरूंना ते पहिल्याच दिवशी सांगावे.

खास पोशाखाची घाई नको. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि सैल पायजमा महिनाभर पुरतो. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातली साखळी घरी ठेवा. हातापायांची नखे कापून जा, म्हणजे समोरच्याला ओरखडा येणार नाही. आणि पहिले दोन महिने पेच मागू नका, पडायला मागा.